आणि ती काय म्हणाली?

नाटक संपत आलं की सगळे प्रेक्षक रंगमंचाच्या मध्यभागी बघत असतात. भांडणं मिटलेली असतात, हरवलेला मुलगा सापडलेला असतो, दोन म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत असतात आणि लग्न ठरत असतं. मी मात्र कडेला बघत बसते. जिचं लग्न ठरलंय ती पोरगी कुठे उभी आहे, आणि तिला एखादं वाक्य तरी दिलंय का, हे शोधत. माझी सून एकदा म्हणाली, "आई, तिकडे काय बघताय? गंमत तर इकडे चाललीय." तिला काय सांगू? ही खोड माझी नव्हेच. ती हमीदाबाई परकारांची, आणि मला अहमदीत लागली.

लग्न होऊन मी कुवेतला गेले तेव्हा अहमदीत आपल्याकडच्या बायका अगदी मोजक्या होत्या. आमचे हे तेल कंपनीत हिशेबखात्यात. कंपनीनं बांधलेल्या बैठ्या घरांच्या रांगेत आम्हाला घर मिळालं आणि दोन घरं सोडून परकार राहायचे. उस्मानभाई कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. मूळचे दोघंही दापोलीकडचे, पण हमीदाबाई मुंबईत शिकलेल्या, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या, आणि लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात शिकवूनही आलेल्या. उंच, सावळ्या, नाकात चमकी, जाड भिंगांचा चष्मा. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, ती त्यांनी काळ्या दोऱ्यानं बांधून ठेवली होती. जवळच्या फहाहील गावच्या बाजारात मासळी घेताना त्या चष्मा काढून हातात धरायच्या आणि पापलेटाच्या कल्ल्यात इतकं वाकून बघायच्या की विकणारा बिचारा आपणहून दुसरं पापलेट काढून द्यायचा.

मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या ताटलीवर ताटली झाकून घरी आल्या. "घावन आहेत. नुसते तांदळाचे. घाबरू नका, मासा जवळून गेलेला नाही." मी पुण्याची, लाजून चूर झाले. मग बसल्या, चहा झाला, आणि कोणाचं काय, कसं, अशा चौकश्या सुरू झाल्या. मीही उत्साहानं माझ्या लग्नाची हकीकत सांगितली. काकांनी स्थळ आणलं, पत्रिका जुळली, मुलगा परदेशी, नाकासमोर चालणारा, आजोबांनी त्याच दिवशी सुपारी फोडली. हमीदाबाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी?" मी म्हटलं. "मी काय म्हणणार?"

"तेच विचारतेय."

मला राग आला. चार तासांची ओळख नाही आणि ह्या बाईला कशाला हव्यात माझ्या घरच्या गोष्टी, असं वाटलं. त्या गेल्यावर मी ह्यांच्यापाशी कुरकुरले. पण रात्री भांडी घासताना माझं डोकं त्याच प्रश्नापाशी अडकलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. खरंच, मी काहीच म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

हळूहळू कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. कोणाच्या भाचीचं जमलं, कोणाच्या बहिणीचं मोडलं, बातमी कुठलीही असो, मुलगा, नोकरी, घरदार हे सगळं सांगून झालं की हमीदाबाईंचं ठरलेलं, "बरं. आणि ती काय म्हणाली?" बायका मागे त्यांची नक्कल करायच्या. मीही केलीय.

पण त्यांचं हे वेड आलं होतं कुठून, ते कळलं तेव्हा मला मात्र गंमत वाटली. चारशे वर्षांपूर्वी इटलीत आणि इंग्लंडात ज्या हसवणाऱ्या नाटकांची धमाल चालायची, त्या नाटकांतल्या बायका हा त्यांचा एम. ए.चा विषय. त्या पोरींबद्दल त्या चाळीतल्या शेजारणींसारख्या बोलायच्या. "आमची ती फ्लॉरेन्सची", "ती व्हेनिसची मोलकरीण, फार तिखट हं". दुपारी आम्ही चारपाच जणी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जमायचो, आणि धडा बाजूला राहून जेवणाच्या टेबलावर नाटक सुरू व्हायचं.

टेबल म्हणजे रस्ता. चहाची किटली म्हणजे मुलीचा बाप. साखरेचा डबा म्हणजे तिच्यावर डोळा ठेवून असलेला गबर म्हातारा. चमचा म्हणजे फटिंग प्रियकर, आणि लोणच्याची बरणी म्हणजे सगळ्यांना खेळवणारी मोलकरीण. किटली आणि डबा भांडायचे, चमचा रडायचा, बरणी इकडून तिकडे निरोप न्यायची. हसून हसून पुरेवाट व्हायची.

एकदा शेजारच्या मेरीनं विचारलं, "पण मुलगी कुठाय?"

हमीदाबाई उठल्या, भिंतीतलं कपाट उघडलं आणि आतली मिठाची छोटी वाटी दाखवली. "ही. घरात आहे." आणि कपाट लावून टाकलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही नाटकं रस्त्यावर घडायची. पडदा रस्त्याचा, घरांची दारं मागे. आणि चांगल्या घरची बिनलग्नाची मुलगी रस्त्यावर दिसायची नाही. त्यामुळे जिच्यासाठी एवढा गोंधळ, ती कित्येक नाटकांत शेवटपर्यंत दिसतच नाही. फार तर खिडकीतून एक आवाज. मोलकरणीला मात्र सगळीकडे मुभा, म्हणून सगळी अक्कल लिहिणाऱ्यांनी तिला दिली. "आणि मुलीला बाहेर यायचं असेल तर?" मी विचारलं. तर एकच वाट, पुरुषाचे कपडे घालायचे. मग ती काय बोलते म्हणता, भल्याभल्यांना निरुत्तर करते. "पण शेवटच्या अंकात बघा," हमीदाबाई बोट वर करून म्हणायच्या. "कपडे बदलून बाईच्या वेषात आली की तिची वाचा बसते. लग्न ठरवणारे दुसरे, बोलणारे दुसरे. ही आपली उभी." मेरी म्हणाली, मुलगी सुखी असेल ना पण. "असेलही," हमीदाबाई म्हणाल्या. "सांगायला कोणी दिलं तर ना."

पुढे आपल्या लोकांच्या क्लबात नाटक बसवायचं ठरलं तेव्हा ह्यांनी असल्याच एका नाटकाचं मराठी रूप केलं. टेबलावरची गोष्ट माझ्याकडून ऐकलेलीच होती, फक्त गाव कोकणातलं बंदर झालं. बाईची कामं अर्थात पुरुषांकडे. ड्रॉइंग ऑफिसातल्या गुप्त्यांना नायिका केलं, गोरे आणि बारीक म्हणून. गुप्ते पहिल्याच तालमीत कंबर उडवत, मुरके मारत आले आणि सगळे फिदीफिदी हसले. हमीदाबाईंना तालमींना कौतुकानं बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "गुप्तेभाऊ, तुम्ही आईला पाणी भरताना बघितलंय?"

"हो."

"ती अशी चालायची?"

गुप्ते थांबले. मग नीट चालले. तिथून पुढे त्यांचं काम खरोखर बघण्यासारखं झालं.

भांडण झालं ते शेवटच्या प्रवेशावरून. दोन बाप लग्न ठरवतात आणि नायिका, आता शालू नेसून, कोपऱ्यात उभी. हमीदाबाई ह्यांना म्हणाल्या, "तिला एक वाक्य द्या. काहीही म्हणू दे. हो म्हणू दे, भूक लागली म्हणू दे."

"मूळ नाटकात नाहीये, बाई," हे म्हणाले.

"म्हणून तर मागतेय."

ह्यांनी डोकं हलवलं. नाटक आधीच लांबलं होतं, फहाहीलच्या मंडळींची बस चुकायची. वाक्य काही मिळालं नाही. प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या. नंतर गुप्ते शालूचा पदर खांद्यावर टाकून आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, बाकी सगळं सोपं गेलं. शेवटी मात्र फार वाईट अवस्था. सगळे माझ्याबद्दल बोलतायत आणि मी आपला उभा. हात कुठे ठेवायचे तेच कळेना."

हमीदाबाईंनी त्यांच्याकडे इतक्या मायेनं बघितलं की गुप्ते गोंधळले.

त्या दिवशी घरी परतताना वारा पडला होता. चालता चालता त्या मला म्हणाल्या, "कुसुम, आमच्यात निदान विचारतात. निकाहाच्या वेळी मुलीकडचा वकील दोन साक्षीदार घेऊन आतल्या खोलीशी येतो आणि तिला परवानगी विचारतो. किती मोठी गोष्ट आहे. त्या युरोपातल्या पोरींना कोणी एवढंही विचारलं नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "पण मुलगी गप्प राहिली तर हो धरतात. लाजली म्हणतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारायची संधी मी बरी सोडीन.

"गप्प बसले." त्या हसल्या नाहीत. "कॉलेजात नाटकांतल्या त्या पोरींबद्दल मुलींना तासन् तास शिकवत होते मी. आणि मला विचारलं तेव्हा मान खाली. माझी फुफी, म्हणजे आत्या, म्हणाली, राजी आहे, आणि झालं. उस्मान भला माणूस आहे. तक्रार नाही. मी नाही म्हटलं असतं, असंही नाही. पण काय म्हटलं असतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही."

आम्ही घरापर्यंत चालत गेलो.

रुकय्या ही उस्मानभाईंची भाची. आई लहानपणीच गेलेली, वडील दाऊदभाई फहाहीलला किराणा दुकान चालवायचे. पोरगी मामीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. धिटुकली, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी बोलणारी, हॉस्पिटलातल्या नर्सांच्या पांढऱ्या टोप्यांवर जीव टाकणारी. मुंबईला नर्सिंगला तिला जागा मिळत होती. आणि त्याच वेळी दाऊदभाईंनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा कुवेतमध्येच, जहरा गावी गाड्यांचं वर्कशॉप चालवणारा, वयानं थोडा मोठा, पण निर्व्यसनी, सरळ. नाव ठेवायला जागा नव्हती. रुकय्याला लग्नच नको होतं, शिकायचं होतं. हे तिनं मामीला सांगितलं आणि मामीनं मला.

"बापाला सांग की," मी म्हटलं.

"सांगून पाहिलं. म्हणतो, लग्नानंतर बघू. तो वाईट नाही, कुसुम. घाबरलेला आहे. बिनआईची पोर, परमुलूख. उद्या मला काही झालं तर, हेच त्याच्या डोक्यात."

"मग तुम्ही मोडा."

"मी मोडलं तर ते माझं बोलणं झालं," त्या म्हणाल्या. "तिचं कुठे झालं?"

त्यांनी रुकय्याला एवढंच सांगितलं, जे म्हणायचं ते मोठ्यानं म्हण, हो असलं तरी. मी तुझ्या वतीनं तोंड उघडणार नाही. मला हे कठोर वाटलं, आणि मी तसं बोललेही.

निकाह जुम्म्याच्या दुपारी, दाऊदभाईंच्या घरी. बाहेर पुरुष, आत आम्ही बायका, मध्ये दाराला हिरवा पडदा. सकाळी दाऊदभाईंनीच हमीदाबाईंना बाजूला घेऊन म्हटलं होतं, "भाभी, तुम्ही बसा तिच्याजवळ. शिकलेल्या आहात, पोरीला धीर द्या." म्हणून त्या तिच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. डावीकडे दाऊदभाईंची बहीण, म्हणजे रुकय्याची फुफी. आमच्या अंगावर बिर्याणीचा वास येत होता. रुकय्याचा चेहरा ओढणीत, फक्त हात दिसत होते. मेंदीनं रंगलेले ते हात ती कधी मांडीवर ठेवत होती, कधी एकमेकांत अडकवत होती. मला गुप्ते आठवले.

पडद्याशी वकील आले. दाऊदभाईंचे चुलतभाऊ. मागे दोघे साक्षीदार. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं, तो देणार असलेल्या मेहेरची रक्कम सांगितली आणि विचारलं, "बेटी, तुझी इजाजत आहे?"

रुकय्या गप्प.

"लाजतेय हो," फुफी म्हणाली. "राजी आहे."

वकील वळायला लागले. हमीदाबाई म्हणाल्या, "भाईजान, थांबा. ती बोलेल."

"भाभी, गप्प राहिली म्हणजे होच धरायचं असतं."

"माहीत आहे मला. पण तुम्ही विचारायला आलात ना? मग ऐकूनच जा."

वकिलांनी पुन्हा तेच सगळं म्हटलं. पुन्हा शांतता. फुफीनं रुकय्याच्या पाठीवर हात ठेवला, डोकं पुढे झुकवायला, म्हणजे मान डोलली असं होईल. हमीदाबाईंनी तो हात हळूच उचलला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला. रुकय्याकडे त्या बघतही नव्हत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला वाटलं, बोला ना हो, सांगा ना ह्यांना. त्या बोलल्या नाहीत. वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," रुकय्या म्हणाली. आवाज घोगरा आला. मग तिनं खाकरून परत म्हटलं, "नाही. अब्बांना सांगा, माझा त्यांच्यावर राग नाही. मला शिकायचंय."

पुढचं सगळं मला नीट आठवत नाही. फुफी रडायला लागली, बाहेर दाऊदभाईंचा आवाज चढला, उस्मानभाई त्यांना धरून बसवत होते. आठवतो तो नवरामुलगा. पडद्याच्या फटीतून दिसला. डोक्यावरचा सेहरा त्यानं स्वतःच काढून गुडघ्यावर ठेवला आणि दाऊदभाईंना म्हणाला, "चाचा, विचारलं होतं, जबाब मिळाला. आता जेवण वाया घालवू नका. माझे ड्रायव्हर सकाळपासून उपाशी आहेत." जहऱ्याची सगळी माणसं जेवली, सलाम करून गेली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

हमीदाबाईंना मात्र हे महाग पडलं. भाभीनं पोरीला फूस दिली, किताबं वाचून डोकं फिरलंय, असं फहाहीलभर झालं. दाऊदभाईंनी परकारांच्या घरी पाऊल टाकणं बंद केलं. ईदेला शीरखुर्मा देणारी घरं कमी झाली. निकाहाची आमंत्रणं तर थांबलीच. उस्मानभाईंना दुकानांतून टोमणे बसायचे. ते बाहेर कधी अवाक्षर बोलले नाहीत, घरातही नाही, पण महिनाभर गप्प होते. हमीदाबाई मला म्हणाल्या, "आता घरात गप्प राहणारे आम्ही दोघं झालो." दुपारचे वर्ग चालूच होते, पण टेबलावरचं नाटक बंद झालं. मिठाची वाटी कपाटातच राहिली.

रुकय्या मुंबईला गेली. बोटीवर पोचवायला उस्मानभाई गेले. आणि, हे मला नंतर कळलं, दाऊदभाईही धक्क्यावर आले होते. लांब उभे होते म्हणे.

वर्षं गेली. आम्हाला परत यायचे वेध लागले होते, त्याच सुमारास हमीदाबाईंच्या पोटात दुखायला लागलं आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. मी थर्मासमध्ये पेज घेऊन गेले. रुकय्या शिकून येऊन त्याच वॉर्डात कामाला लागली होती. पांढरी टोपी, पांढरे बूट, चालणं कामात असल्यासारखं. तिनं मला बघून फक्त भुवई उडवली, ड्यूटीवर होती म्हणून.

डॉक्टर आले. चांगले म्हातारे गृहस्थ. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून ते उस्मानभाईंना सगळं समजावून सांगू लागले. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन लागेल, धोका फार नाही पण आहे, उद्या सकाळी करू. उस्मानभाई मान हलवत होते. हमीदाबाई उशीवर डोकं टेकून पडल्या होत्या. चष्मा टेबलावर होता. दोन्ही हात चादरीवर, एकावर एक. बोलत काहीच नव्हत्या.

"सर," रुकय्या म्हणाली, "पेशंटला विचारायचं राहिलं."

डॉक्टर चपापले, मग हसून वळले. "मिसेस परकार, ऑपरेशन करू ना?"

हमीदाबाईंनी डोळे मिटले. उस्मानभाई चटकन म्हणाले, "करा, करा, ती हो म्हणतेय."

"मामा, थांबा," रुकय्या म्हणाली. "ती बोलेल."

रुकय्यानं मामीचा चष्मा उचलला, पदरानं पुसावा तसा ॲप्रनच्या टोकानं पुसला आणि तिच्या डोळ्यांवर बसवला. दोऱ्यानं बांधलेली काडी कानामागे नीट घातली. मग मागे सरकून उभी राहिली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं नाही, हे मी मुद्दाम सांगते.

हमीदाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. खरोखर विचार करत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. स्वच्छ, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. "करा."

डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले. रुकय्या त्यांच्या मागे. हमीदाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"आपल्या निकाहालाही हेच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक."

उस्मानभाई स्टूल ओढून जवळ बसले. त्यांनी अगदी काळजीनं विचारलं, "बहुतेक?"

हमीदाबाई हसायला लागल्या. हसताना पोटात कळ येत होती, म्हणून एका हातानं पोट दाबून धरलं होतं, दुसरा उस्मानभाईंच्या हातात होता. मी थर्मास टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.